औषधाच्या पाकिटावरची ओळ

सुरतेत मी राहते त्या भागाला पर्वत पाटिया म्हणतात. नाव ऐकून आपल्याकडच्या पाहुण्यांना वाटते, हिच्या गच्चीवरून एखादा डोंगर दिसत असेल. डोंगर राहू द्या, साधी टेकडीही येथे नाही. पर्वत हे जुन्या खेड्याचे नाव, आणि पाटिया म्हणजे आपण ज्याला फाटा म्हणतो तो. मोठ्या रस्त्यावरून गाव जिकडे वळते तेथे नावाची पाटी असते, तिच्यावरून हा शब्द आला. आता ते खेडे शहरात विरघळून गेले आहे. एका अंगाला साड्यांचे ठोक बाजार आणि राजस्थानी व्यापाऱ्यांच्या इमारती, दुसऱ्या अंगाला लिंबायत-डिंडोलीकडे पसरलेली कामगारवस्ती, आणि त्या वस्तीत खानदेशातून पोटासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे. भाजीवाल्याशी गुजराती, वरच्या मजल्यावर मारवाडी, खालच्या मजल्यावर मराठी आणि वर्गात इंग्रजी अशा चार भाषांत माझा दिवस जातो. सीमाभागात वाढलेल्या मुलीला याचे नवल वाटत नाही.

अंकासाठी लेख मागताना संपादकांनी विचारले होते, ‘तुम्ही फार्मसीच्या मुलांना संगणक शिकवता म्हणजे नक्की काय शिकवता?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे खरे उत्तर मला पहिली काही वर्षे देता आले नसते. ते मला वर्गात मिळालेच नाही. ते आमच्या खालच्या मजल्यावर मिळाले, आणि फार महागात मिळाले. म्हणून आधी तेच सांगते.

खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या नंदुरबारकडच्या. यजमान साड्यांच्या बाजारात कामाला, मावशी घरी बसून साड्यांना लेस लावतात. हाताची बोटे सुजून आखडू लागली तेव्हा त्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिले. संधिवातावर हे उत्तम औषध आहे, मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एक दिवस. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिलेही होते. मावशींनी जवळच्या मेडिकलमधून औषध आणले. दुकानात संगणक होता, आणि बिलाबरोबर गोळ्यांच्या पाकिटावर डकवायचा एक कागदी स्टिकर त्यातून छापून येई. त्यावर गुजरातीत होते: ‘सवारे ३’. सकाळी तीन.

त्या दिवशी मी कॉलेजला निघाले होते. जिन्यात मावशी भेटल्या, पाकीट पुढे केले आणि म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही औषधाचंच शिकवता ना? हे रोज सकाळी तीन घ्यायचं, बरोबर ना?’ मी स्टिकर वाचला आणि म्हटले, ‘हो मावशी, सकाळी तीन. काहीतरी खाऊन घ्या.’ आणि रिक्षा पकडली.

मी स्टिकर वाचला. पाकीट उघडून आतल्या पट्टीवरचे औषधाचे नाव वाचले नाही. वाचले असते तर जिन्यातच थबकले असते.

आठव्या दिवशी मावशींच्या तोंडात फोड आले, घास गिळेना, मग ताप. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. रुग्णालयात जवळजवळ दोन आठवडे काढावे लागले. तेथे त्यांना फोलिनिक ॲसिड सुरू केले, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सांभाळले, आणि त्या वाचल्या. प्रत्येक जण वाचतोच असे नाही. रोज घेतलेल्या मेथोट्रेक्सेटने जगात अनेक ठिकाणी माणसे दगावली आहेत; औषधशास्त्राच्या पुस्तकांतले हे नेहमीचे उदाहरण आहे. मी स्वतः ते वर्गात सांगितलेले होते.

नंतर मी त्या दुकानात गेले. भांडायलाच गेले होते, पण भांडण झाले नाही. दुकानदार हादरलेला होता. त्याने मला संगणकाचा पडदाच दाखवला. औषध निवडले की ‘डोस’ नावाचा एक चौकोन येतो. त्यात सकाळ, दुपार, रात्र एवढ्याच तीन जागा. एक-शून्य-शून्य, एक-शून्य-एक, जे हवे ते भरा. ‘आठवड्यातून एकदा’ लिहायला जागाच नाही. चौकोन रिकामा ठेवला तर बिल पुढे सरकत नाही. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठीतले ‘तीन’ पाहिले, तीन-शून्य-शून्य भरले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. औषध बरोबर होते. ताकद बरोबर होती. बिलही बरोबर होते. डॉक्टर चुकले नाहीत, यंत्र तर सांगितले तेच करत होते. चुकले ते फक्त पाकिटावरच्या एका ओळीत. आणि जिन्यात मी.

आता माझ्या विषयाकडे वळते. २०१४ च्या बी. फार्म. नियमावलीनुसार भारतीय औषधनिर्माण परिषदेने जो अभ्यासक्रम लावला, त्यात दुसऱ्या सत्राला ‘औषधनिर्माणशास्त्रातील संगणकाचे उपयोग’ हा विषय आहे. आरोग्य-माहितीशास्त्र म्हणून जे म्हणतात त्याची पदवीच्या मुलांशी पहिली भेट होते ती येथे. आरोग्य-माहितीशास्त्र म्हणजे काय, याची मी केलेली कामचलाऊ व्याख्या अशी: रुग्णाविषयी कोणी एकाने, एका ठिकाणी, एका वेळी केलेली नोंद दुसऱ्याला, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वेळी चुकीचा अर्थ न लागता कशी वापरता येईल याचा अभ्यास. यात संगणक असेलच असे नाही. वहीतही हे शास्त्र असते आणि संगणकातही ते नसू शकते.

परंतु विषयाच्या नावात ‘संगणक’ असल्याने शिकवणारे आणि शिकणारे दोघेही तिकडेच धावतात. पहिल्या घटकात अंकपद्धती आहे: द्विमान, अष्टमान, षोडशमान. मी वर्षानुवर्षे फळ्यावर एक आणि शून्याच्या रांगा मांडत होते. मागच्या बाकावरून एकदा प्रश्न आला होता, ‘मॅडम, गोळ्या द्विमान पद्धतीत मोजून द्यायच्या का?’ वर्ग हसला, मीही हसले, आणि पुढचे गणित घातले. त्याच घटकात अंकपद्धतीनंतर माहितीप्रवाहाच्या आकृत्या आणि ‘आत काय भरायचे, बाहेर काय छापून यायचे’ याची रचना असाही भाग आहे. तो मी तासाभरात उक्ता लिहून देत असे, कारण परीक्षेत त्यावर फारसे विचारत नाहीत. प्रात्यक्षिकांच्या यादीतही संगणकावर लेबल तयार करण्याचे एक प्रात्यक्षिक आहे, आणि रुग्णांच्या माहितीचा तक्ता बनवण्याचे आहे. मुले सुबक लेबले छापत. चौकट, रंग, कोपऱ्यात फूलही. मावशींचा जीव ज्या दोन गोष्टींत अडकला होता त्या दोन्ही माझ्या अभ्यासक्रमात पहिल्या दिवसापासून होत्या. मी त्या वाचून दाखवत होते, शिकवत नव्हते.

त्या वर्षापासून मी क्रम उलटा केला. संगणक बंद ठेवून सुरुवात करते. प्रत्येक मुलाला एक कोरा कागद देते आणि सांगते: डॉक्टरांच्या मनातले औषध रुग्णाच्या तोंडात जाईपर्यंत ही माहिती कुठून कुठे जाते ते रेघा ओढून दाखवा. दर थांब्यावर लिहा, येथे कोण वाचतो, कोण पुन्हा लिहितो आणि कोण गाळतो. आरंभी सगळे तीन चौकोन काढतात: डॉक्टर, दुकान, रुग्ण. मग हळूहळू कागद भरू लागतो. चिठ्ठी घेऊन आलेला मुलगा वेगळा आणि औषध घेणारी आजी वेगळी. दुकानात चिठ्ठी वाचणारा एक, फळीवरून पट्टी काढणारा दुसरा, बिल करणारा तिसरा. घरी सून सांगते, सासू ऐकते. मावशींच्या गोष्टीची आकृती काढली तेव्हा मुलांनी अकरा थांबे मोजले. चिठ्ठीतली ‘आठवड्यातून’ ही गोष्ट त्यांतल्या सहाव्या थांब्यावर गळाली, आणि पुढच्या पाच थांब्यांपैकी एकावरही ती गळाल्याचे कळायला मार्ग नव्हता. नववा थांबा मी होते. तो मी स्वतःच फळ्यावर मांडला. वर्ग अगदी शांत झाला होता.

दुसरा धडा नावांचा, आणि त्यासाठी सुरतेइतके चांगले गाव नाही. आमच्या भागात पाटील पुष्कळ आणि पटेलही पुष्कळ. मराठीत किंवा गुजरातीत लिहिले तर गोंधळ होणार नाही. पण संगणकात नाव जाते इंग्रजीत, आणि तेथे या दोन आडनावांत एका अक्षराचा फरक उरतो. त्यात गुजरातेतली भाई-बेनची रीत. आपली सुनीता पाटील एका दवाखान्यात सुनीता, दुसऱ्यात सुनीताबेन, तिसऱ्यात नवऱ्याच्या नावामागे लपलेली. माणसाला हे तिन्ही एकच वाटते. यंत्राच्या लेखी या तीन बायका. तिघींपैकी एकीला पेनिसिलिन सोसत नाही हे पहिल्या दवाखान्यात लिहिलेले असते, आणि औषध दिले जाते तिसऱ्यात. मी मुलांना वीस काल्पनिक रुग्णांची यादी देते आणि विचारते, यात माणसे किती? वर्गात कधी चौदा निघतात, कधी सतरा. दोन उत्तरे जुळत नाहीत. मग प्रत्येकाला एक क्रमांक का हवा, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक याच दुखण्यावरचा उपाय आहे. पण क्रमांक आला म्हणून प्रश्न संपला असे नाही. घरातल्या चौघांत एकच मोबाइल असला की कोणाचा क्रमांक कोणाला लागला, हे पाहणारे माणूस लागतेच.

जे माणसांच्या नावांचे तेच औषधांच्या नावांचे. येथे मी एक खटला सांगते, तो गुजरातेतलाच आहे. कॅडिला या नावाच्या दोन कंपन्या. एकीच्या औषधाचे नाव फाल्सिगो, दुसरीच्या औषधाचे फाल्सिटॅब. दोन्ही फाल्सिपॅरम जातीच्या हिवतापावरची. पण एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. म्हणजे नावे जवळची, आजार तोच, औषधे मात्र निराळी. वडोदऱ्याच्या न्यायालयात सुरू झालेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००१ मध्ये न्यायालयाने बजावले की औषधांच्या नावांतला सारखेपणा इतर मालाच्या नावांपेक्षा अधिक कडक नजरेने पाहिला पाहिजे. मुलांना मी एवढेच विचारते: संगणकात पहिली पाच अक्षरे टाकली की पडद्यावर दोन्ही नावे एकाखाली एक येणार, घाईत बोट कुठे पडेल?

म्हणूनच औषधाला नावाखेरीज एक संकेतांकही लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात प्रत्येक औषधाला अक्षरे व आकडे मिळून सात चिन्हांचा संकेत आहे. मेथोट्रेक्सेटला तर दोन आहेत: कर्करोगावरचे औषध म्हणून एक, ‘एल ०१ बीए ०१’, आणि शरीराची प्रतिकारशक्ती आवरणारे म्हणून दुसरा, ‘एल ०४ एएक्स ०३’. औषध एकच, काम दोन, मात्रा आणि वेळापत्रक अगदी निराळे. दुकानाच्या संगणकाला जर ठाऊक असते की येथे औषध दुसऱ्या कामासाठी चालले आहे, तर ‘रोज’ छापण्याआधी त्याला अडखळता आले असते. त्याला ते कोणी सांगितलेच नव्हते.

काही जण म्हणतील, हल्ली औषधाच्या खोक्यावर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड असतो, मग आता काळजी कशाची? १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख औषधांवर असा कोड सक्तीचा झाला, हे खरे. त्यात औषधाचे मूळ नाव, व्यापारी नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक एवढे असते. बनावट औषध ओळखायला त्याचा उपयोग आहे. पण नीट पाहा, ही सगळी माहिती खोक्याची आहे. ते खोके कोणाच्या घरी चालले, का चालले आणि किती दिवसांनी एकदा उघडायचे, यातले एक अक्षरही त्यात नाही. ते लिहिण्याचे काम अजून काउंटरवरच्या माणसाकडेच आहे.

बॅच क्रमांकाचा विषय निघाला की मी थोडी मागे जाते. सुरतेच्या मुलांना प्लेग ठाऊक आहे. १९९४ च्या सप्टेंबरच्या गोष्टी त्यांच्या घरी अजून सांगतात. परंतु त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला होता, आणि तेथे वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती लस पुढे देशभर गेली. हुबळी-धारवाडकडेही ती मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल नावाच्या गावी एकशे सात जणांना ती टोचली, आणि त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. हाहाकार उडाला. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजेच हाफकिन यांच्यावर आला. त्यांना काम सोडावे लागले.

पण एक नोंद शिल्लक होती. कोणाला कोणत्या बाटलीतली लस दिली हे लिहिलेले होते. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. तिचा क्रमांक ‘५३-एन’. त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांतल्या लसीने कोणालाही धनुर्वात झाला नाही. मग प्रश्न त्या एका बाटलीपुरता उरला. बाटली उघडताना हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला, ही गोष्ट पुढे आली. शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. ज्या कोणी त्या दिवशी मुल्कोवालला प्रत्येक नावापुढे बाटलीचा क्रमांक लिहिला, त्याचे नाव माझ्या वाचनात आलेले नाही. मुलांना मी सांगते, तो तुमच्या धंद्यातला माणूस. संगणक नव्हता, वीज नव्हती, हातात बोरू नाही तर टाक असेल.

आता पुन्हा सुरतेकडे येते, कारण प्लेगच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी आली, आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. खानदेशातले कामगार मिळेल त्या गाडीने नंदुरबार-जळगावच्या वाटेला लागले. त्याच दिवसांत औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. ज्याला खोकला नाही तोही पट्ट्या घेऊन घरी ठेवू लागला. वर्गात मी विचारते: समजा, त्या आठवड्यात शहरातल्या प्रत्येक दुकानाची टेट्रासायक्लिनची विक्री रोज संध्याकाळी एका ठिकाणी कळली असती, तर आलेखावर तुम्हाला काय दिसले असते? पुष्कळ जण लगेच म्हणतात, ‘प्लेग कुठे पसरतोय ते.’ थोड्या वेळाने एखादी मुलगी हात वर करते. ‘नाही मॅडम, भीती कुठे पसरतेय ते दिसलं असतं.’ विक्री म्हणजे आजार नव्हे. हीच गोष्ट मार्च २०२० मध्ये पुन्हा घडली. कोविडच्या अफवेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर झुंबड उडाली, आणि संधिवाताचे जे रुग्ण ते वर्षानुवर्षे घेत होते त्यांनाच ते मिळेनासे झाले. सरकारने २६ मार्चच्या आदेशाने ते औषध एच-१ अनुसूचीच्या नियमांखाली आणले. आकडा खरा असतो; तो कशाचा आकडा आहे हे ओळखणे, हे शिकवावे लागते.

मात्र योग्य जागी योग्य प्रश्न विचारला तर असा रोजचा आकडा फार उपयोगी पडतो. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात सुरतेची जी साफसफाई झाली तिचे कौतुक सर्वांनी ऐकले आहे. तिच्याबरोबर आजारांच्या रोजच्या नोंदी गोळा करण्याची शिस्तही या महापालिकेने लावून घेतली, तिच्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. झाडू दिसतो, तक्ता दिसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात खाडी भरते आणि पर्वत गावाच्या व लिंबायतच्या सखल वस्तीत पाणी शिरते. त्यानंतर कोणत्या गल्लीत तापाचे रुग्ण वाढले हे चार दिवस आधी कळले, तर फवारणी आणि औषध चार दिवस आधी पोचते.

दुकानातली वही यासाठी काय करू शकते? १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीतील औषधांसाठी, आरंभी ती शेहेचाळीस होती, दुकानदाराला स्वतंत्र वही ठेवावी लागते. डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, किती दिले. आणि ही वही तीन वर्षे जपावी लागते. यात प्रभावी प्रतिजैविके आहेत, क्षयाची औषधे आहेत. बहुतेक दुकानांत ही वही तपासनीस येईल म्हणून भरली जाते. मी मुलांना जवळच्या दुकानांत पाठवून ती नुसती पाहून यायला सांगते. एकही नाव उतरवून आणायचे नाही, अशी सक्त ताकीद देते. दरवर्षी कोणीतरी येऊन सांगते, ‘मॅडम, सगळ्या पानावर एकच अक्षर, एकच शाई.’ म्हणजे महिन्याची वही एका बैठकीत भरलेली. अशा वहीतून काही कळेल का, याचे उत्तर मग मला द्यावे लागत नाही.

नाव उतरवून आणायचे नाही, हा नियम मी एका विद्यार्थिनीकडून शिकले. २०१८ मध्ये सरकारने क्षयाची औषधे देणाऱ्या दुकानदारांनाही रुग्णाची खबर देणे बंधनकारक केले. हे का आवश्यक आहे ते मी उत्साहाने सांगत होते. ही मुलगी म्हणाली, ‘आमच्या सोसायटीत मेडिकलवाल्याच्या पोऱ्याला कोणाच्या घरी कसली गोळी जाते ते ठाऊक असतं. एका मुलीचं ठरलेलं लग्न त्यानं मोडलं. वाईट मनानं नाही, बोलण्याच्या ओघात.’ मुलगी सहा महिन्यांत बरी झाली होती; लग्न काही पुन्हा जुळले नाही. तेव्हापासून माहितीप्रवाहाच्या आकृतीत मुलांना आणखी एक गोष्ट काढायला लावते: प्रत्येक थांब्यावर लाल शाईने, येथे कोणी वाचू नये. आरोग्य खात्याच्या क्षय अधिकाऱ्याला खबर गेली पाहिजे, पण पाकीट बांधणाऱ्या मुलाला औषधाचे नाव पुरे, रुग्णाचे कशाला? यावर वर्गात दर खेपेला वाद होतो. लहान दुकानात एकच माणूस सर्व कामे करतो, तेथे पडदा कुठे लावायचा? मला स्वतःला याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

भाषेचा मुद्दा आपल्या द्विभाषिक अंकात सांगायलाच हवा. स्टिकरवर केवळ आकडे असले म्हणजे सर्वांना कळते, असा एक समज आहे. लहानपणी घरी देवनागरी आणि शेजारी कन्नड आकडे पाहत वाढलेल्यांना ठाऊक आहे की घाईने लिहिलेला कन्नड एक आपल्याला जवळजवळ शून्य वाटतो. गुजराती-मराठी आकड्यांतही असे चकवे आहेत. इंग्रजीत एकटे ‘एम’ अक्षर लिहिले तर मॉर्निंग समजायचे की मंडे? मुलांच्या एका गटाने मात्र फार छान गोष्ट शोधली. आठवड्याच्या औषधासाठी वार ठरवायचा तर मंगळवार ठरवावा. कारण मंगळवारला मराठीत, गुजरातीत आणि कन्नडातही मंगळवारच म्हणतात. रविवारचे तसे नाही, कन्नडात तो भानुवार होतो. हे मला पंचवीस वर्षांत सुचले नव्हते.

मावशी घरी आल्यावर त्यांच्या परवानगीने आम्ही आणखी एक काम केले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी देशव्यापी योजना २०१० मध्ये सुरू झाली, आणि २०११ पासून तिचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. ती खबर डॉक्टरांनीच द्यावी असे नाही. औषधविक्रेता देऊ शकतो, स्वतः रुग्णही देऊ शकतो. रुग्णांसाठीचा नमुना मराठी, गुजराती आणि कन्नडातही मिळतो. दुष्परिणाम त्या औषधानेच झाला अशी खात्री असावी लागत नाही, संशय पुरतो. आम्ही वर्गात तो नमुना भरायला घेतला, आणि मुलांना वाटले होते दहा मिनिटांत होईल. लागले दोन तास. गोळ्या कोणत्या दिवशी सुरू केल्या? फोड कोणत्या दिवशी आले? बॅच क्रमांक काय? पट्टी तर फेकून दिलेली. मावशींना तारीख आठवेना, पण त्या म्हणाल्या, ‘साड्यांचा मोठा गठ्ठा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तोंड आलं.’ व्यापाऱ्याच्या पावतीवरून गठ्ठ्याची तारीख निघाली. माहिती अशी कुठे कुठे पडलेली असते.

परीक्षेत अंकपद्धतीचे गणित अजून येते आणि मी ते शिकवतेही, गुण कोणाचे बुडवायचे? पण लेबलाच्या प्रात्यक्षिकाला मी आता चौकट आणि रंगांचे गुण देत नाही. प्रत्येकाने आपले लेबल वर्गाबाहेरच्या एका माणसाला द्यायचे, शिपाईमामांना, कँटीनमधल्या काकींना किंवा बाहेरच्या रिक्षावाल्या भाईंना, आणि विचारायचे, ‘हे औषध तुम्ही कधी घ्याल?’ ते जे सांगतील ते शब्दशः लिहून आणायचे. गेल्या वर्षी चाळीसपैकी तेरा लेबले या परीक्षेत नापास झाली. त्यांतली दोन माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यांची होती.

त्या मेडिकलच्या दुकानदाराने सॉफ्टवेअरवाल्यांना ‘आठवड्यातून एकदा’ची जागा करून द्या म्हणून सांगितले. पुढच्या आवृत्तीत करू, असे उत्तर आले. ती आवृत्ती अजून यायची आहे. तोपर्यंत त्याने काउंटरवर दोऱ्याने एक लाल बॉलपेन बांधून ठेवले आहे. मेथोट्रेक्सेटची पट्टी निघाली की स्टिकर न लावता तो स्वतः त्यावर वार लिहितो आणि गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वदवून घेतो. मावशींचे औषध डॉक्टरांनी काही महिन्यांनी, कमी मात्रेवर, पुन्हा सुरू केले. दर मंगळवारी सकाळी त्या जिन्यात माझी वाट अडवतात, पट्टी पुढे धरतात आणि म्हणतात, ‘ताई, आधी नाव वाचा.’